दमट किनाऱ्यावर धावणे आणि सायकल चालवणे: घाम, वारा, भरती आणि मीठ

थंड, कोरड्या पठारी प्रदेशातून उष्ण किनारपट्टीवर राहायला येऊन तुम्हाला दहाएक दिवस झाले आहेत. पूर्वी १० किलोमीटर ५५ मिनिटांत सहज होत असत. आता सहाव्या किलोमीटरलाच पाय जड होतात आणि पुढे दिवसभर डोके दुखत राहते. इथल्या सकाळचे तापमान जुन्या गावातल्या दुपारपेक्षा कमीच असते, मग असे का होते, हा तुमचा पहिला प्रश्न आहे. समुद्रालगतच्या पायवाटांवर धावणे आणि सायकल ही दोन्ही एकाच दिवशी करता येतील का, पाणी आणि मीठ किती घ्यावे, आणि सायकलची चेन आठवड्याभरात तांबूस कशी पडली, हेही तुम्ही विचारले आहे. अशा वाटांवर धावणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना तयार करण्याचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे. किनाऱ्यावर नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार हीच असते आणि तिचे कारणही बहुधा एकच असते: किनाऱ्यावर तुमचा वेग तापमानावर ठरत नाही, तर अंगावर आलेला घाम हवेत किती उडून जातो यावर ठरतो. वेळ कोणती निवडावी, कोणत्या दिशेने निघावे, आधी धावावे की आधी सायकल चालवावी, हे निर्णय याच एका गोष्टीवरून घेतले, तर बहुतेक अडचणी सुटतात.

हिशेब असा आहे. ६५ किलो वजनाची व्यक्ती ताशी १० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तासाभरात साधारण ६५० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतला बहुतांश भाग शेवटी उष्णतेच्या रूपाने शरीरातच उरतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम हा आहे. एक लिटर घामाची त्वचेवरून पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. म्हणजे तुम्हाला तासाला पाऊण ते एक लिटर घामाची वाफ करावी लागते. यात महत्त्वाचा शब्द ‘वाफ’ हा आहे. कोपरावरून निथळणारा, बनियनमध्ये साठणारा, बुटात उतरणारा घाम शरीर थंड करत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. कोरड्या प्रदेशात घाम आल्याआल्या उडून जातो आणि आपल्याला किती घाम आला हे कळतही नाही. किनाऱ्यावर आपण नखशिखान्त भिजतो, आणि तरीही शरीर आतून तापतच राहते.

हवा किती वाफ सामावून घेईल, याचा अंदाज सापेक्ष आर्द्रतेच्या टक्केवारीवरून नीट येत नाही, कारण ही टक्केवारी तापमानाबरोबर बदलत राहते. पहाटे २६ अंश सेल्सिअसला आर्द्रता ९४ टक्के दिसते आणि दुपारी ३२ अंशांना ६७ टक्के. त्यावरून दुपारची हवा कोरडी झाली असे वाटते, पण दोन्ही वेळी हवेतल्या बाष्पाचे प्रमाण जवळपास तेवढेच असते. त्यामुळे हवामानाच्या अंदाजात दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्याचा, आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. घामाने ओल्या, ३५ अंशांच्या त्वचेलगत बाष्पाचा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. दवबिंदू १० अंश असलेल्या हवेत तो १.२ असतो आणि दवबिंदू २६ अंश असलेल्या हवेत ३.४ असतो. घाम उडवून नेणारी ओढ म्हणजे त्वचेलगतच्या आणि हवेतल्या दाबांतला फरक. तो पहिल्या ठिकाणी ४.४ आणि दुसऱ्या ठिकाणी २.२ भरतो. तुमच्या जुन्या गावाच्या तुलनेत इथली हवा तुमचा घाम निम्म्याच ओढीने उडवते, आणि वेग का घटला याचे उत्तर बरेचसे यातच आहे. माझ्या कामातला ठोकताळा असा आहे की, दवबिंदू १६ अंशांच्या खाली असेल तर नेहमीचा सराव करावा. तो १६ ते २० असेल तर थोडे सावध राहावे. २० ते २४ असेल तर वेगाचा विचार सोडून श्वासाकडे पाहावे. आणि २४ च्या वर असेल तर त्या दिवशी फक्त हलका सराव करावा किंवा सायकल काढावी.

केवळ तापमानावर विसंबणे किती चुकीचे आहे, हे लष्करी प्रशिक्षणात फार पूर्वी लक्षात आले होते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड या मरीन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात उन्हाळ्यात नवे सैनिक उष्माघाताने कोसळत असत. तिथल्या कामातून १९५० च्या दशकात ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक पुढे आला. त्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलाच्या आकड्याला २० टक्के आणि सावलीतल्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के महत्त्व दिलेले असते. ज्या आकड्याकडे आपण सर्वांत आधी पाहतो, त्याचा वाटा एक दशांश आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जगभरातल्या मोठ्या स्पर्धांचे आयोजक आज हाच निर्देशांक पाहून निर्णय घेतात.

वेग घटल्याची खंत वाटत असेल, तर २०१९ च्या दोहा येथील जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन आठवावी. उन्हापासून सुटका म्हणून ती शर्यत मध्यरात्री सुरू करण्यात आली. तरीही त्या वेळी तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर होती. सुरुवात केलेल्या ६८ धावपटूंपैकी ४० जणींनीच शर्यत पूर्ण केली. विजेतीला २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागली, आणि त्याच वर्षी जानेवारीत तिने अनुकूल हवेत २ तास १७ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केलेली होती. जगातल्या सर्वोत्तम धावपटूचाही वेग दमट हवेत एक दशांशाहून अधिक घटतो, तेव्हा तुमचे ५५ मिनिटांचे १० किलोमीटर ६२ किंवा ६५ मिनिटांवर गेले, तर त्यात तुमच्या तंदुरुस्तीचा दोष काहीही नाही.

शरीर या हवेशी जुळवून घेते, आणि तेही बऱ्यापैकी लवकर. रोज तासभर ते दीड तास दमट उष्णतेत मध्यम श्रम केले, तर पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातले मीठ कमी होते. तुम्ही नेमके या टप्प्याच्या मध्यावर आहात, पण रोज जुनाच वेग गाठण्याचा प्रयत्न करत असल्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला उसंत मिळत नाही. पुढचे दोन आठवडे घड्याळातला वेग पाहू नये, असा माझा आग्रह आहे. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच जोराने धावावे. चाळीस मिनिटांच्या धावण्यात दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालावे. वेग तोच असूनही शेवटच्या पंधरा मिनिटांत ठोके सतत वर सरकत असतील, तर शरीर तापत आहे असे समजून तिथेच वेग कमी करावा. हा सराव सोडला, तर शरीराला लागलेली ही सवय तीन-चार आठवड्यांत बहुतांशी ओसरते. त्यामुळे महिनाभर बाहेरगावी राहून परत आल्यावर पुन्हा हळूच सुरुवात करावी.

इथे एक बारकावा आहे, आणि तो अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. कोरड्या उष्णतेत घाम वाढला की गारवाही वाढतो. दमट हवेत मात्र वाफ होण्यावरच मर्यादा असल्यामुळे, जुळवून घेतलेल्या शरीराचा वाढलेला घाम बराचसा निथळून वाया जातो. म्हणून ‘आता मला सवय झाली’ असे वाटू लागते, त्याच दिवसांत पाण्याची गरज वाढलेली असते.

आता वाऱ्याविषयी, कारण किनाऱ्यावर निसर्गाने दिलेली सर्वांत मोठी मदत हीच आहे. अंगावर वारा असला की त्वचेलगतची बाष्पाने भरलेली हवा हटते आणि घाम उडतो. इथे धावणे आणि सायकल यांच्यातला फरक फार मोठा आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्थिर हवेतही स्वतःसाठी २५ किलोमीटरचा वारा निर्माण करतो. धावणाऱ्याला जेमतेम १० मिळतो. त्यात पाठीमागून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर धावणाऱ्याच्या अंगावरची हवा अक्षरशः थांबते. धावायला सोपे वाटते, वेगही बरा दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी शरीर सर्वांत जलद तापत असते. म्हणून उष्ण किनाऱ्यावर धावणाऱ्याने पहिला अर्धा भाग पाठीवरच्या वाऱ्यात, शरीर अजून थंड असताना, करावा आणि परतीचा भाग समोरच्या वाऱ्यात ठेवावा. सायकलस्वाराने याच्या नेमके उलट करावे: ताज्या पायांनी वाऱ्याच्या विरुद्ध निघावे आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर परत यावे, कारण त्याच्या अंगावर पाठीवरच्या वाऱ्यातही पुरेशी हवा राहते. याला अपवाद चढाचा. भूशिरावर चढणारी वाट, पाठीवर वारा आणि ताशी आठ-नऊ किलोमीटरचा वेग, अशा वेळी सायकलस्वाराची अवस्था धावणाऱ्याहूनही वाईट होते. तिथे हलका गिअर टाकून श्रम कमी करणे, किंवा सरळ उतरून सावलीत दोन मिनिटे थांबणे, यात कमीपणा मानू नये.

किनाऱ्यावरचा वारा दिवसभर एकसारखा नसतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून ऊन चढल्यावर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो, दुपारी त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सूर्यास्तानंतर तो पडतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारे असतात किंवा हवा अगदी पडलेली असते. म्हणूनच पहाट ही किनाऱ्यावर निर्दोष वेळ नाही: ऊन नसते, जमीन थंड असते, पण हवा हलत नाही. तरीही धावण्यासाठी मी पहाटच निवडतो, कारण उन्हाचा थेट भार नसणे हा लाभ वाऱ्याच्या अभावापेक्षा मोठा आहे. मात्र वाट निवडताना झाडीत बुडालेल्या, वारा न लागणाऱ्या खाडीकाठच्या वाटेपेक्षा उघड्या टेकाडावरची वाट पहाटे बरी, आणि ऊन वर आल्यावर सावलीची वाट बरी. संध्याकाळी तापलेले खडक आणि डांबर बराच वेळ उष्णता सोडत राहतात. त्यामुळे सूर्यास्ताआधी धावायचेच असेल, तर ते ओल्या वाळूवर किंवा मातीच्या वाटेवर करावे.

एकाच दिवशी दोन्ही करता येतील का, याचे उत्तरही यातूनच मिळते. होय, करता येतील, पण आधी धाव आणि नंतर सायकल. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीत, क्रम उलटा असतो आणि त्याची तयारी करणाऱ्यांनी अधूनमधून तसा सराव करावा. पण ज्यांना शर्यत नको, निसर्गरम्य वाटांवर दोन्हींचा आनंद घ्यायचा आहे, त्यांनी धावणे उजाडण्याच्या आसपास उरकावे आणि ऊन चढू लागल्यावर सायकलीवर बसावे. ऊन वाढते, तसा सायकलीचा स्वतःचा वारा उपयोगी पडतो. आठवड्यातून असे दोनच दिवस असावेत. बाकीच्या दिवशी एकच प्रकार करावा. धावण्यातली गुडघ्या-घोट्यांवरची आदळआपट सायकलीत नसते, त्यामुळे उष्णतेची सवय लावण्यासाठी लागणारे तास सायकलीवर अधिक सुरक्षितपणे जमा होतात. मात्र सायकल थांबवताच वारा थांबतो आणि शरीरात साठलेली उष्णता एकदम जाणवते. लांबचा पल्ला संपवून लगेच बंद खोलीत शिरणाऱ्याला गरगरते ते याचमुळे. शेवटची दहा मिनिटे अगदी सावकाश चालवावी आणि मगच उतरावे.

पाण्याविषयी दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात आणि दोन्ही अपायकारक आहेत. तुमच्या डोकेदुखीचे कारण पाण्याची कमतरता असू शकते, तसेच अतिरिक्त साधे पाणीही असू शकते. याची शहानिशा वजनकाट्यावर होते. धावण्यापूर्वी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मधल्या वेळात प्यायलेले पाणी त्यात धरावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट सहसा सोसते, त्याहून अधिक घट झाली तर पुढच्या वेळी पाणी वाढवावे. वजन वाढले असेल, तर तो धोक्याचा इशारा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम (मिठातला एक घटक) सामान्य पातळीच्या खाली आलेले होते, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा अधिक पिण्याशी होता. तहान लागेल तसे, घोट-घोट प्यावे, हा नियम बहुतेकांना पुरतो. तासाभराच्या आतल्या हलक्या सरावात वेगळे मीठ घेण्याची गरज नसते. नंतरच्या जेवणातून ते भरून निघते. दीड-दोन तासांच्या पुढे मात्र, विशेषतः कपड्यांवर पांढरे पट्टे उमटत असतील तर, पाण्यात मीठ हवे. घामातले सोडियम माणसागणिक फार बदलते: एका लिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमच्याही पुढे. जलसंजीवनीच्या पुड्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. लांबच्या पल्ल्यावर दोन बाटल्यांपैकी एकीत ती आणि दुसरीत साधे पाणी ठेवणे हा माझ्या मते सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाणी पिऊन उष्माघात टळतोच असे नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. भरपूर पाणी प्यायलेला, तरुण, तंदुरुस्त माणूसही जोराने धावला तर अर्ध्या तासात उष्माघाताच्या उंबरठ्यावर येऊ शकतो. श्रमजन्य उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूच्या कामात बिघाड होतो. त्वचा कोरडी पडते ही जुनी खूण इथे लागू पडत नाही. धावणारा बहुधा घामाने चिंब असतो. खरी लक्षणे वागण्यात दिसतात: पावले वाकडी पडणे, असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडणे, विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर न येणे. असे दिसताच त्या माणसाला चालवत परत नेण्याचा विचारही करू नये. सावलीत आडवे करावे, जादा कपडे काढावेत, मदतीसाठी दूरध्वनी करावा आणि वाहन येईपर्यंत त्याला थंड करत राहावे. आधी थंड करणे, मग नेणे, हाच क्रम आहे. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. अमेरिकेतल्या फाल्मथ येथे ऑगस्टमध्ये समुद्रकाठाने होणाऱ्या सुमारे ११ किलोमीटरच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. त्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बसवण्यात आले आणि त्यांतला एकही दगावला नाही. वाटेवर बर्फाचे टब नसतात. अशा वेळी जवळचे सारे पाणी डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतत राहावे आणि कपड्याने जोरजोरात वारा घालावा. समुद्र जवळ आहे म्हणून शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला लाटांत नेऊ नये. ताप किंवा जुलाब होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील, झोप झाली नसेल, किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर त्या दिवशी धावायला न जाणेच योग्य.

वाळू आणि भरती यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कोरड्या, मऊ वाळूवर धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, म्हणजे तेवढीच उष्णताही अधिक निर्माण होते. म्हणून दमट हवेत मऊ वाळूवर लांब धावणे टाळावे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगत उघडा पडणारा ओला, घट्ट पट्टा हीच किनाऱ्यावर धावण्याची आणि सायकल चालवण्याची खरी जागा आहे, आणि ती कधी मिळेल हे घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आजची ओहोटी उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप दूर जाते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाच्या एक बारांश, दुसऱ्यात दोन बारांश, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन बारांश पाणी चढते. निघताना पाणी संथ चढताना पाहिले आणि दीड तासाने परत आलो, तर मधला खडकाळ कोपरा बुडालेला असतो. म्हणून भूशिराला वळसा घालणारी किंवा खाडीचे मुख ओलांडणारी वाट असेल, तर ओहोटीच्या तळाच्या एक तास आधी निघावे आणि पाणी पुरते वळण्याआधी तो कोपरा परत पार केलेला असावा.

पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने धावत राहिले तर वरच्या बाजूचा पाय आणि नितंब सतत वेगळ्या कोनात पडतात. जितके जावे तितकेच त्याच पट्ट्यावरून परत यावे. अनवाणी धावण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो आनंद खराही आहे, पण पोटरी आणि टाचेची शीर यांना सवय नसते; सुरुवातीला दहा मिनिटांहून अधिक नको. वाळूच्या टेकड्यांवरची झुडपे आणि भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू या भागांतून सायकल नेऊ नये. कासवे आणि किनारी पक्षी अंडी घालतात ती तिथेच, आणि ती अंडी वाळूच्या रंगात किंवा वाळूखाली असल्यामुळे चाकाखाली आलेली कळतही नाहीत.

कड्यांवरच्या वाटांविषयी थोडक्यात सांगतो. समुद्राच्या लाटा कडा खालून पोखरतात, त्यामुळे वरून भक्कम दिसणारी कड आतून पोकळ असू शकते. दृश्य पाहायचे तर थांबून, कडेपासून दूर उभे राहून पाहावे. काळपट-हिरवे शेवाळ असलेला ओला खडक आणि लाकडी फळ्यांचे पूल यांवर सायकल वळवू नये, ब्रेक दाबू नये, सरळ रेषेत हलकेच जावे. उन्हाविषयी एवढे ध्यानात ठेवावे की, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. म्हणून टोपी असूनही हनुवटीखाली आणि नाकाखाली त्वचा भाजते. सैल, फिकट रंगाचे, लांब बाह्यांचे पातळ कपडे उघड्या अंगापेक्षा अधिक आरामदायक ठरतात. सुती मोजे मात्र टाळावेत. ते भिजून तसेच राहतात आणि फोड आणतात.

शेवटी सायकल. समुद्रकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. ते धातूवर बसतात, दमट हवेतले पाणी ओढून घेतात आणि सायकल कोरडी दिसत असतानाही तिच्यावर खारट ओलावा टिकून राहतो. चेन आठवड्यात तांबूस पडली ती यामुळे, आणि वाळूवर चालवली असेल तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडेही त्यात आले. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने, पण जोराचा फवारा न मारता, सायकल धुवावी. जोराचे पाणी हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो तो भाग) यांच्या बेअरिंगमध्ये मीठ आत ढकलते. मग फडक्याने पुसून, चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कडीला तेलाचा थेंब द्यावा आणि वरचे जादा तेल काळजीपूर्वक पुसून काढावे, कारण उरलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि ती चेन व दातेचक्रे झिजवते. समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीत सायकल ठेवू नये.

चेनचा गंज दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते. न दिसणारा गंज अधिक घातक असतो. पोलादी सांगाड्यात ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) असेल, तर खारट ओलाव्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन तो आत पक्का चिकटतो आणि कधीकधी सांगाडा कापल्याशिवाय निघत नाही. महिन्यातून एकदा तो बाहेर काढावा, पुसावा आणि ग्रीस लावून परत बसवावा. हँडलला गुंडाळलेल्या पट्टीखाली तुमचा स्वतःचा घाम मुरत राहतो आणि ॲल्युमिनियमचा दांडा खातो. उतारावर हँडल तुटण्यामागे हे एक कारण असते. म्हणून दर सहा महिन्यांनी पट्टी पूर्ण काढावी, आणि खाली पांढरी भुकटी साचलेली, खड्डे पडलेले दिसले तर दांडा बदलावा. स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटांवरही, म्हणजे निपलांवरही, तशीच भुकटी येते. चाक हळू फिरवून एकेक स्पोक बोटाने छेडून पाहावा, आणि ज्याचा आवाज बद्द येतो तो ताणून घ्यावा किंवा बदलावा.